साळूबाईच्या बिळातली जागा

फार मागे माळावर लांडग्यांचं राज्य आलं. ससा दिसेल तिथे मारायचा, त्याला लपवणाऱ्यालाही मारायचं, अशी दवंडी फिरली.

साळूबाई साळिंदर पानाच्या सळसळीनेही दचकायची. तरी सशीण आपली दोन पिल्लं घेऊन दारात आली, तेव्हा साळूबाईने दोन्ही पिल्लं पटकन आत ओढली.

"आणि मी, साळूबाई?"

"कुठे गं घेऊ? माझे काटे बघ, भिंतींना टेकलेत!"

"बरं. धाकट्याला जवळ घे, रडका आहे," म्हणत सशीण उघड्या माळावर पळाली. लांडगे तिच्यामागे धावले. ती परतली नाही.

हळूहळू साळूबाईची भीती ओसरली. ताठरलेले काटे पाठीवर मिटले. मोकळ्या झालेल्या जागेत धाकट्याने झोपेत पाय ताणले. तेवढ्या जागेत त्याची आई सहज मावली असती.