गुळाचा खडा आणि बुजलेली खिंड

एका राज्यात हिवाळा आधी सांगून येत असे. उत्तरेच्या बर्फाळ शिखरावर गारठनाथ नावाचा मांत्रिक राही. थंडी सोडायची झाली की तो आधी वर्दी पाठवी. म्हणे, न सांगता चोर येतो, मी का चोर आहे? वर्दी घेऊन एक म्हातारा करकोचा येई, राजवाड्याच्या सज्ज्यावर उतरे आणि कुठल्या परगण्यात किती थंडी पडणार ते माणसासारखं सांगे. त्याचं नवल कुणाला नव्हतं. पक्षी बोलायचाच. दरबारचा जोशी ते ऐकून दवंडी पिटवी, आणि लोक त्या बेतानं सरपण भरत, गुरं खाली आणत, जुन्या गोधड्यांना नवे थर लावत.

त्या राजवाड्यात एक रीत होती. पोटुशी बाईच्या कानावर वाईट शब्द पडू द्यायचा नाही. रीत चांगली. पण चांगल्या रीतीला चालवणारा शहाणा लागतो, आणि शहाणे काय झाडाला लागत नाहीत.

राजाचं नाव रणधवल. त्याची धाकटी बहीण माणकावती माथ्याच्या परगण्यात, खिंडीपलीकडे दिलेली. आई लवकर गेली, म्हणून राजानंच तिला खांद्यावर घेऊन वाढवलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. राजानं खोली सारवून घेतली, पाळणा टांगला, डिंक-मेथी आणवली, सुईण वाड्यातच आणून बसवली. आणि नेमका त्याच सुमाराला करकोचा सज्ज्यावर उतरला.

करकोचा म्हणाला, "तळच्या परगण्यात दव गोठेल, मळे करपतील. मधल्या परगण्यात नदीला बर्फाची साय धरेल, उघड्यावरचं मेंढरू वाचणार नाही. माथ्यावर कमरेच्या वर बर्फ पडेल. खिंड बुजेल. थंडी अशी, की थुंकी भुईला टेकायच्या आत तिचा खडा होईल."

राजाचं तोंड उतरलं. ही दवंडी माथ्यावरही पिटली जाणार, माणकावती ऐकणार, दचकणार. आणि मग यायची कशाला? त्यानं जोश्याकडे बघितलं. जोशी पुरंदरभट, गोडबोल्या माणूस. महाराज, म्हणाला, शब्द तेवढे बदलू, थंडीला कुठं हात लावतोय. असं म्हणून त्यानं गुळाचा एक खडा तोंडात टाकला आणि दवंडीवाल्याला मजकूर सांगितला: यंदा तिन्ही परगण्यांत गुलाबी थंडी, आभाळ निरभ्र, वाटा मोकळ्या. राजा हो म्हणाला. करकोच्यानं मान वाकडी करून दोघांकडे बघितलं आणि तो उडून गेला.

माणकावतीनं दवंडी ऐकली, पालखी सांगितली आणि हसत माहेराला निघाली. ती खिंडीत शिरली आणि वरून बर्फ सुरू झालं.

इकडे करकोच्यानं शिखरावर जाऊन झालं ते सांगितलं. गारठनाथ म्हणाला, "माझ्या वर्दीला गूळ लावला? मग गूळच खा."

त्या घटकेपासून राज्यात हवेबद्दल बोलायला जो तोंड उघडी, त्याच्या जिभेवर गुळाचा खडा येई आणि शब्द गोड होऊनच बाहेर पडे. लाकूडतोड्याची बोटं निळी पडलेली, आणि तो म्हणे, काय सुरेख ऊन पडलंय. आई लेकराला म्हणे, उकडतंय बाळा, सदरा काढ, आणि हातानं त्याला गोधडीत गुंडाळी. ज्यानं हात बघितला तो वाचला, ज्यानं बोलणं ऐकलं तो फसला. शेजारी शेजाऱ्याला वेडा समजू लागला. खरं काय, खोटं काय, कुणाला कशाचा मेळ लागेना.

पालखी आली नाही म्हणून राजानं स्वार पाठवले. त्यांतला एकटाच परत आला, तोही दाढीला बर्फाचे गोळे घेऊन. तो सांगू लागला, महाराज, खिंड फुलांनी भरलीय. राजानं विचारलं, किती फुलं? स्वार म्हणाला, घोड्याच्या पोटापर्यंत. राजाला कळेना. हे चांगलं की वाईट, त्यानं विचारलं. स्वारानं पुन्हा "फुलं" म्हटलं आणि तो रडायला लागला.

राजा सज्ज्यावर आला. करकोचा कठड्यावर एका पायावर उभाच होता.

"करकोचेबुवा, माझी बहीण कुठं आहे?"

"खिंडीत. पालखी बर्फात बसलीय."

"जिवंत आहे?"

"आज आहे."

"मी काय करू?"

"तिन्ही परगण्यांना जी वर्दी दिली नाहीस, ती आता पायी जाऊन दे. प्रत्येक ठिकाणी जो पहिला हवा विचारील, त्याला. तोंडातला खडा पाण्यानं विरघळायचा नाही. बोलणाऱ्यालाच जड जाईल असं खरं बोललास तर विरघळेल. तीन ठिकाणी तीन वाटे."

"आणि थेट खिंडीत गेलो तर?"

"तर बहिणीपुढं उभा राहून म्हणशील, वा, केवढी फुलं."

राजा निघाला. तळच्या परगण्यात भिवरा नावाची एक म्हातारी पानमळ्याच्या बांधावर उभी होती. तिनं विचारलं, का रे बाबा, हवा काय म्हणतीय, मळा झाकू का? राजानं तोंड उघडलं. जिभेवर गूळ आला आणि तो म्हणाला, आजी, मळा बहरेल. पुन्हा जोर लावला, तर म्हणाला, पानं सोन्याची होतील. म्हातारी खूश होऊन घरात निघाली. राजा गोंधळून तिथंच उभा. वाईटच तर सांगायचं होतं, मग जीभ का वळेना? मग त्याच्या ध्यानात आलं. म्हातारीला जड जाईल ते तो सांगू बघत होता. त्याला स्वतःला त्यात काहीच जड नव्हतं.

"आजी," तो म्हणाला, "मी राजा आहे. दवंडी खोटी होती, आणि मला ठाऊक होतं. उद्या सूर्य उगवायच्या आत तुझा मळा करपेल."

तोंडात कडू पाणी सुटलं आणि खड्याचा एक वाटा विरघळला. म्हातारीनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"राजा असशील तर दोन हात असतील ना? गवत वाहा."

दिवस मावळेपर्यंत राजानं गवताचे भारे वाहिले. मळा झाकून झाला तेव्हा भिवरेनं त्याला भाकरी दिली, पण बस म्हणून काही म्हटलं नाही.

मधल्या परगण्यात येसबा धनगर भेटला. खिंडीची वाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. राजानं सोबत मागितली, येसबा हसत तयार झाला. मेंढरं नदीकाठी सोडतो आणि येतो, म्हणाला, फक्त एवढं सांगा, हवा बरी राहील ना? इथं राजाची जीभ अडली, आणि या खेपेला गुळानं नव्हे. गोड बोललं तर वाटाड्या मिळतो. खरं बोललं तर हा मेंढरं घेऊन खाली पळेल, आणि त्या पांढऱ्या डोंगरात राजा एकटा, बहिणीपर्यंत पोचेल न पोचेल. त्यानं नदीकडे बघितलं. काठाला साय धरू लागली होती.

"नको येऊस," राजा म्हणाला. "मेंढरं काठावर मरतील. आत्ता खाली ने."

दुसरा वाटा विरघळला. येसबानं अंगावरची घोंगडी राजाकडे फेकली. जाता जाता वळून एवढंच म्हणाला, की वारा डाव्या गालावर ठेवून चालत राहा, गाल बदलला की वाट चुकली समज.

राजा तसा चालला. कधी वर जातोय वाटे, कधी खाली. आभाळ कुठं संपतं आणि भुई कुठं सुरू होते, कळेना. पण गाल डावाच ठेवला. शेवटी बर्फात पालखीचा दांडा दिसला. भोई एकमेकांना चिकटून बसले होते. राजाला बघून म्हातारा भोई पांढऱ्या ओठांनी म्हणाला, महाराज, चांदणं पडलंय. भरदिवसा.

राजानं पडदा सारला. माणकावती आत मुटकुळं करून बसली होती. दात वाजत होते.

"दादा, केवढं उकडतंय रे," ती म्हणाली. आणि मग हळूच, "दिवस मावळायच्या आत पोचू ना माहेरी?"

राजाला सारवलेली खोली दिसली, टांगलेला पाळणा दिसला. रीत आठवली. तोंडात खड्याचा शेवटचा वाटा होता आणि तो सगळ्यात गोड होता. हो म्हटलं असतं तर ती हसली असती.

"नाही, माणके," तो म्हणाला. "तू माहेरी येणार नाहीस. बर्फ अजून पडणार, पुढची वाट बुजलीय. मागं फिरायचं, तुझ्या सासरी. तिथंवर तू टिकशील का, मला ठाऊक नाही. मला भीती वाटतीय."

खडा विरघळला. कारल्यासारखं तोंड झालं. त्याच घटकेला तिन्ही परगण्यांत सगळ्यांच्या जिभेवरचा गूळ गेला आणि लोक एका दमात थंडीला शिव्या देऊ लागले.

माणकावतीच्या डोळ्यांना धार लागली.

"गारठलेय रे मी," ती म्हणाली. "सगळे आपले फुलं, चांदणं, फुलं. माझ्याही तोंडून तेच. मला वाटलं, मलाच वेड लागलंय. आता काय करायचं ते सांग."

आता भोयांनाही खरं बोलता आलं. म्हातारा म्हणाला, खिंडीच्या मधोमध गेलो तर गाडले जाऊ. कड्याच्या अंगानं वारा बर्फ टिकू देत नाही, तिकडून जाऊ. जड पालखीचं तिथं काम नाही. त्यांनी पालखी मोडली, फळ्यांची घसरगाडी केली, माणकावतीला घोंगडीत गुंडाळून वर बसवलं. दोरी राजानं खांद्याला लावली. दिवस कलायच्या आत ती सासरच्या दारात होती, आणि सासूच्या चुलीशेजारी तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सासूनं नात मांडीवर घेतली आणि राजाकडे न बघता म्हणाली, "तुमच्याकडची दवंडी भारी गोड हो."

राजानं मान खाली घातली. खिंड बंद. बर्फ वितळेपर्यंत त्याला बहिणीच्या सासरी बसून जेवावं लागलं. ही शिक्षा काही गारठनाथानं दिली नव्हती, ती आपसूक मिळाली. गारठनाथानं शाप मागं घेतला, पण बर्फाचा एक कणही कमी केला नाही. जेवढं सांगितलं होतं तेवढं पडलं.

पुढच्या हिवाळ्याला करकोचा आला. यंदाही वाईट, म्हणाला. राजानं सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि दवंडीवाल्याला शब्दाला शब्द सांगितलं. पुरंदरभट कोपऱ्यात उभा राहिला. लोक ऐकून चिडले, कुरकुरले आणि राजाच्या नावानं बोटं मोडत सरपण फोडायला गेले.

जशी वर्दी मिळाली तशी दिली. ज्यानं ऐकली त्यानं आपली गोधडी सांभाळावी.