वेदीपाशी कोण शोभतं?

जालन्याकडच्या एका चर्चमध्ये ईस्टरच्या सकाळी शास्त्रवाचनासाठी शलोमी उजागरे पुढे निघाली. पोलिओमुळे ती कुबड्यांवर चालायची, पण तिचा आवाज ऐकून डुलक्या घेणारेही ताठ बसत. मंडळीचे पंच अमोलिक साहेब मध्येच आडवे आले.

"ताई, तुम्ही बाकावर बसूनच ऐका. वेदीपाशी अव्यंग माणूस शोभतो."

शलोमीचे कान तापले, तरी ती हसली.

"बरं, साहेब. मग हातापायांवर खिळ्यांचे व्रण घेऊन मरणातून उठलेल्या प्रभूलाही तुम्ही वर जाऊ देणार नाही. तोही माझ्याशेजारीच बसेल. त्याला जागा लागेल, जरा सरका!"

हशा पिकला. गोंधळलेले अमोलिक साहेब खरंच बाजूला सरकले आणि वेदीची वाट मोकळी झाली. शलोमीनं वर जाऊन उतारा वाचला. शेवटी सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणाले ते अमोलिक साहेबच.