बुवांचा खोकला

एका गावात एक खोकला होता. गावात माणसं होती, म्हशी होत्या, नदीही होती. पण गावाचं नाव झालं ते या खोकल्यामुळे.

त्याचं असं झालं. त्या गावात एक नामांकित गवई राहत. सगळे त्यांना बुवा म्हणत. बुवा गायला बसले की ऐकणारा घरी जायचं विसरे. मात्र वरचा सा लावण्याआधी ते दर वेळी खोकत. एकदाच, कोरडं आणि खोल. मग सूर लागे.

बुवा एका वेळी एकालाच शिकवत. आतल्या खोलीत समोर बसवून, दार लावून. त्या खोलीला खिडकी नव्हती. बुवा गात आणि शिष्य तसंच म्हणे. शिकून बाहेर पडलेला प्रत्येक जण हुबेहूब बुवांसारखा गाई, आणि वरच्या साआधी हुबेहूब बुवांसारखा खोके. जाणकार म्हणवणारे त्यालाही मान डोलावत. "खोकल्यात काय वजन आहे!" म्हणत. जाणकारांना डोलायला निमित्त पुरतं.

एक गोष्ट मात्र कुणी मोठ्याने बोलत नसे. संध्याकाळी बुवा ओसरीवर खोकले की शेजारच्या घरातला शिष्य खोके. मग त्याच्या पलीकडच्या घरातला. असा तो खोकला घरोघर फिरत वेशीपर्यंत जाई. तेवढा वेळ आया मुलांना जवळ घेऊन बसत.

वेशीजवळ एक आंधळी बाई अंबाडीचे दोर वळून पोट भरत असे. तिची एकुलती एक लेक, सगुणा, म्हशी राखी. दिवस कलला की सगुणा नदीकाठी उभी राहून म्हशींना हाक घाली, "होऽ मोरे, होऽऽ!" हाकेच्या शेवटी तिचा आवाज जरा चिरके आणि एकदम वर उडे. ती हाक ऐकून म्हशी पाण्यातून बाहेर येत आणि आई तव्यावर भाकरी टाकी. आईने लेकीचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. तिची लेक म्हणजे तो आवाजच.

एकदा ती हाक बुवांच्या कानी पडली. ते स्वतः झोपडीत आले आणि म्हणाले, "बाई, पोरीचा गळा चांगला आहे. मी शिकवतो."

आईला आभाळ ठेंगणं झालं.

सगुणा रोज आतल्या खोलीत बसू लागली. "शेवटी आवाज उडतो तुझा," बुवा म्हणाले. "तो काढून टाक. मी म्हणतो तसंच म्हण." सगुणा मेहनती होती. हळूहळू उडणारा आवाज खाली बसला. बुवा खूश झाले. "येत्या पौर्णिमेला गंडा बांधू," म्हणाले. गंडा म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटावर बांधायचा धागा. तो बांधला की शिष्य कायमचा गुरूचा. आईने मोठ्या हौसेने तो धागा स्वतःच्या हाताने वळून दिला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगुणाने नदीवर हाक घातली. म्हशींनी माना वर केल्या. त्या पाण्यातून निघाल्या, तिच्याजवळून पुढे गेल्या आणि थेट बुवांच्या घरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेपटीही न हलवता त्या बंद दाराकडे बघत होत्या.

सगुणाच्या अंगावर काटा आला. ती धावत घरी गेली आणि अंगणातूनच ओरडली, "आये!"

आईने हातातला दोर खाली ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला. "या बुवा, बसा," ती अदबीने म्हणाली. "लेक यायचीय अजून. आज उशीर झाला तिला."

"आये, अगं मीच आहे!"

सगुणाने आईचा हात धरून आपल्या गालावर ठेवला. आईने तिचं कपाळ चाचपलं, कान चाचपले, हातातल्या बांगड्या चाचपल्या. मग तिने हात काढून घेतला.

"तोंड माझ्या लेकीचं आहे," आई म्हणाली. "पण आत कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत बुवांनी धागा हातात घेतला. "गा," म्हणाले. सगुणा गाऊ लागली. वरचा सा जवळ आला, तसा खोकला आपोआप तिच्या गळ्यात चढला. तिने तोंड घट्ट मिटलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी तिच्याऐवजी खोकलं.

"बुवा," तिने घाबरत विचारलं, "तुमची छाती तर ठणठणीत आहे. मग हा खोकला कुणाचा?"

बुवा संतापले. मग त्यांनी त्या भिंतीकडे पाहिलं. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या गुरूंचा. त्यांना दमा होता."

"आणि तुमचा सूर?"

बुवांनी तोंड उघडलं. आला तो खोकलाच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लहानपणी होता गं," ते म्हणाले. "याच खोलीत हरवला." मग त्यांनी धागा पुढे केला. "हा बांधून घेतलास तर जाशील तिथे मान मिळेल. नाही घेतलास तर माझं गाणं तुझं होणार नाही. बघ, विचार कर."

"मला माझी आई पाहिजे," सगुणा म्हणाली आणि तिने हात मागे घेतला.

बुवांनी धागा बाजूला ठेवला. तिला घेऊन ते नदीवर गेले. "घाल हाक." हाक आली ती बुवांच्या आवाजात. "पुन्हा." पुन्हा तशीच. सगुणा रडकुंडीला आली. तेव्हा बुवा आयुष्यात प्रथमच शिष्याला म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस. चिरकू दे. उडू दे!"

आणि आवाज चिरकला, आणि उडाला.

आदल्या संध्याकाळपासून बुवांच्या दारात खिळलेल्या म्हशींनी माना वळवल्या. वेशीजवळच्या झोपडीतून आई आंधळेपणाने धावत, भिंती चाचपत बाहेर आली. "सगुणे!" ती रडत ओरडली. "अगं, कुठे होतीस इतके दिवस?"

बुवांनी त्या खोलीला खिडकी पाडली. सगुणा त्यांच्याकडेच शिकली, पण गायली स्वतःसारखी. पुढे जो कुणी शिकायला येई, त्याला बुवा आधी म्हणत, "तुझं काय ते ऐकव."

बुवांना जाऊन आता खूप काळ लोटला. ज्यांच्या मनगटावर आधीच धागे बांधले होते, तेही गेले. पण त्या गावात संध्याकाळी अजून खोकला फिरतो. तो कोणत्या घरातून निघतो, हे बघायला कुणी जात नाही.

तात्पर्य एवढंच: गुरूने शिष्याचा आवाज शोधून द्यावा, त्याच्या गळ्यात आपला ठेवू नये, आणि शिष्याने गुरूकडून सगळं घ्यावं, पण आपल्या आईला ओळखू येईल इतकं स्वतःचं राखावं.