राजाने पाठ टेकली

एका राज्यात झोप सोडून सगळे होते. राजा धवलसेन एकेचाळीस दिवस झोपला नव्हता, आणि त्याची सात महिन्यांची लेक चंपावती त्याच्यासोबत जागी होती. पहिले काही दिवस ती रडली. मग रडायचीही थांबली आणि उघड्या डोळ्यांनी नुसती छताकडे पाहत राहू लागली. राजवैद्याने नाडी पाहिली आणि राणी सुलोचनेला सांगितले, "बाईसाहेब, येती पौर्णिमा तिला दिसेल असे वाटत नाही."

झाले होते ते असे. त्या घराण्यातले सारे राजे मल्ल. पाठ टेकली की कुस्ती हरली. म्हणून राजाची टेकलेली पाठ कोणाच्या दृष्टीस पडू नये, असा सात पिढ्यांचा दंडक. महालासाठी गादी घ्यायची तर राजाच्या वतीने प्रधान लोळून पाहत. प्रधान भीमाजीपंत अंगाने भरलेले, त्यांना दगडावरही डुलकी लागे. आम्हां गादीवाल्या दुकानदारांना असे गिऱ्हाईक रोज भेटो.

एकदा एक जादूगार पाहुणा आला. रात्री महालातल्या गादीवर निजला आणि सकाळी वाकल्या कमरेने दरबारात उभा राहिला.

"राजा, तुझ्या गादीत गाठी आहेत."

"प्रधानांनी पाहिली आहे," राजा म्हणाला.

"मग झोपही प्रधानांनाच लागो. तुला नाही. आणि तुला लागत नाही तोवर तुझ्या लेकीलाही नाही."

इतके बोलून तो धूर झाला. उःशाप मागायला समोर कोणी उरलेच नाही.

मऊ गादीसाठी राजा हंसांच्या तळ्यावर गेला, ते एक सर्प राखत असे. सर्पाला हरवून त्याने हंसांची पिसे आणली, गादी शिवून घेतली. प्रधान लोळले, म्हणाले, "महाराज, लोणी आहे लोणी." राजा तीवर पडला तो रुतला, कंबर झोळीसारखी लोंबली. सकाळी त्याला उठवायला दोन माणसे लागली. लेकीची पापणी मिटली नाही.

राजा राक्षसिणीच्या बेटावर गेला. तिथे तांब्याचा माड होता. त्याच्या काथ्याबदली राक्षसिणीने राजाच्या उजव्या दंडातले बळ मागितले. राजाने दिले आणि काथ्याची गादी भरून घेतली. प्रधान लोळले, म्हणाले, "महाराज, भक्कम माल." राजा पडला, खांदा जळू लागला, खुबा जळू लागला, कंबर अधांतरी राहिली. लेकीची पापणी मिटली नाही.

मग राजा पाळण्याशी बसला तो उठेना.

"आता कुठे जाऊ?"

"कुठेही जा," राणी म्हणाली. "पण इथे बसून तिच्याकडे असे पाहू नका. तुम्ही तिचे मरण राखत बसलात असे वाटते मला."

खिडकीबाहेर बाभळीवर सुगरण पक्षी घरटे विणत होता, तो बोलला. "राजा, मी अर्धे घरटे विणतो आणि थांबतो. मादी येते, स्वतः आत बसते, हिसके देऊन पाहते. तिला पटले तरच पुढचे विणतो. आमच्यात प्रधान नसतो. काथ्या घे, लेकीला घे आणि बाजारात जैनबीकडे जा."

राजा निघाला; राणीने लेकीला खांद्यावर घेतले, प्रधानही मागोमाग आले. जैनबी पिंजारीण भर बाजारात धनुकलीने कापूस पिंजत होती. तिने राजाला वर-खाली न्याहाळले.

"कुशीवर झोपता की उताणे?"

राजाने सवयीने प्रधानांकडे पाहिले.

"त्यांना नका विचारू, महाराज. त्यांची पाठ मला पाठ आहे. तुमची दाखवा. आडवे व्हा."

"इथे?"

"मग कुठे?"

बाजार थांबला. प्रधान पुढे झाले, "महाराज, सात पिढ्यांचा दंडक..."

राजाने लेकीकडे पाहिले. राणीच्या खांद्यावर तिची मान कलली होती. डोळे उघडेच होते. राजा आडवा झाला. पाठ टेकली. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या पैलवानाने तोंड फिरवले.

जैनबीने तांब्याचा काथ्या खाली पसरला होता, वर कापसाचा पातळ थर. राजाच्या कमरेखाली तिने हात सारला, तो आरपार गेला. "कडक." तिने कापूस वाढवला. हात शिरेचना. "खोल." तिने दोन मुठी कापूस काढून घेतला. या खेपेला हात अडखळत, घासत गेला.

"ही तुमची. पण लगेच उठू नका. गादी घटकाभर पडल्याशिवाय कळत नाही."

राजा पडून राहिला. भर उन्हात, लोकांच्या नजरेखाली. घटकाभराने तो घोरू लागला.

तेवढ्यात राणीने खांद्यावर पाहिले. लेकीचे डोळे मिटले होते. राणीने तिच्या नाकाशी गाल नेला आणि तशीच उभी राहिली. जैनबीने धनुकली खाली ठेवली. बाजारात कोणी हलेना.

"श्वास आहे," राणी म्हणाली, आणि कापसाच्या ढिगावर मटकन बसली. "झोपलीय."

संध्याकाळपर्यंत त्या बाजारात सगळा सौदा खुणांनी झाला.

पिसे हंसांना परत गेली. राजाच्या दंडातले बळ परत आले नाही. तो पुन्हा आखाड्यात उतरला नाही. दंडक मात्र बदलला: ज्याची गादी, त्याने चारचौघांत पाठ टेकून घ्यावी. प्रधान भीमाजीपंत आजही लोळतात, पण आपल्या घरच्या गादीवर. आणि ऐकतो ते असे, की हल्ली त्यांना तिच्यातल्या गाठी टोचतात.