परक्या गाडीचं चाक

आमच्या तालुक्यात दरसाल जीपगाड्यांची घाटशर्यत होते. यंदा कुसुमताई डुबल आपली जुनी जीप घेऊन आल्या आणि लोक गाडी सोडून चाकंच बघत राहिले. भंगारातल्या एका पिकअपची अल्युमिनियमची चाकं ताईंनी घरच्या परसात जीपला बसवली होती. बोल्टची भोकं जुळेनात, म्हणून जुनी बुजवून नवी पाडली होती. पंचांनी चाकं हलवून, ठोकून पाहिली आणि गाडी पास केली.

पण झेंडा होता उद्‌घाटक आप्पासाहेब रणनवरे यांच्या हातात.

"ही गाडी शर्यतीतून बाद!" ते माइकवर गरजले. "एका गाडीचं चाक दुसरीला बसत नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं!"

ताई जीपमधून उतरल्या, पदर खोचून थेट स्टेजपाशी आल्या.

"खरंय, आप्पासाहेब. चाकाची जातच हट्टी. नवी भोकं पाडली, महिनाभर घासलं, तेव्हा कुठं ते दुसऱ्या गाडीला बसलं. तुमचं बरंय. तीन पक्ष बदललेत, पण दर वेळी जसेच्या तसे बसलात!"

हशाच्या गदारोळात आप्पासाहेबांनी घाईघाईनं झेंडा दाखवला. जीप घाट चढून गेली.

दिवाळीनंतर आप्पासाहेब चौथ्या पक्षात गेले. पहिल्याच सभेत गळ्यात हार घालून ते बोलायला उभे राहिले, तोच मागून कुणीतरी विचारलं,

"आप्पासाहेब, भोकं जुळली का?"