परत न गेलेली भांडी

ओढ्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या एका गावात एक हट्टी बाई राहत होती. तिचं नाव सालोमी. ती गोधड्या शिवायची. तिच्या हातची गोधडी जुनी होऊन विरायची, पण टाका उसवायचा नाही.

त्या गावात एक रीत होती. तुमच्याही गावात असेल. शेजारच्या घरून काही खायला आलं, तर ते भांडं रिकामं परत द्यायचं नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण काहीतरी घालायचंच. रीत चांगली आहे. मायेपोटीच कुणीतरी ती सुरू केली असणार. पण चांगल्या रीतीचाही माणूस कसा उपयोग करून घेतो, ते आता ऐका.

सालोमी तीन वर्षांची असताना तिचे आईवडील तापानं गेले. वरच्या आळीतल्या शांतवननानांनी तिला आपल्या घरी आणलं. नाना आणि त्यांची बायको मार्थानानी यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. मार्थानानीनं तिला पहिली प्रार्थना शिकवली आणि सुईत दोरा ओवायलाही शिकवलं.

सालोमी एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. नाताळचा दिवस होता. चर्चच्या आवारात सगळ्या मंडळीचं जेवण होतं. सालोमीनं दुसऱ्यांदा भात मागितला. वाढायला सगुणाबाई होत्या आणि सगुणाबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. त्या म्हणाल्या, "खा बाई, खा. दुसऱ्याच्या चुलीवरचं खायची तुला सवयच आहे."

चार बायका हसल्या. सालोमीनं पान तिथंच सोडलं. आठ दिवसांत तिनं ओढ्यापलीकडं एक खोली घेतली आणि मनाशी पक्कं केलं की यापुढं कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही. नाना समजूत घालायला आले, तर ती दारातूनच म्हणाली, "मी येणार नाही नाना. आणि तुम्हीही मला न्यायला यायचं नाही."

नाना परत गेले. पण त्या रविवारी त्यांनी गेनू गवळ्याच्या हाती एक पातेली पाठवली. आत कालवण होतं, वर झाकलेल्या तीन भाकरी होत्या आणि सोबत निरोप होता, "जेवायला ये."

सालोमीनं कालवण काढून घेतलं, पातेली लख्ख घासली, तीत काठोकाठ शेंगदाण्याचे लाडू भरले आणि ती गेनूच्याच हाती परत पाठवली. निरोपाला उत्तर काही दिलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा पातेली आली, पुन्हा तोच निरोप आला आणि पातेली पुन्हा भरून परत गेली. नानांकडून गूळ आला की इकडून तूप जायचं. असं सोळा वर्षं चाललं. सोळा वर्षं म्हणजे थोडी झाली का? गेनूचे केस पिकले, पण नानांचा एक रविवार चुकला नाही आणि सालोमीनं एकही भांडं रिकामं जाऊ दिलं नाही. गावातल्या बाया कौतुकानं म्हणायच्या, "काय माया आहे बघा दोन्ही घरांत!" माया एकाच घरात होती. दुसऱ्या घरात होता तो ताठा.

देवाशीही ती अशीच वागायची. आजारातून उठली की लगेच उपास करायची. उपकारस्तुतीच्या सणाला लोक देवाचे आभार म्हणून चर्चला काही देत, तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठी गोधडी तिचीच असायची. प्रभुभोजनाच्या रविवारी मात्र ती मागच्या बाकावर बसायची आणि भाकर वाटायला सुरुवात झाली की हळूच उठून जायची. तिथं काही देता येत नव्हतं, नुसतं घ्यावं लागत होतं. ते तिला जमत नव्हतं.

एके दिवशी जाड गोधडी शिवताना सुई तिच्या उजव्या हाताच्या बोटात खोल रुतली. बोट पिकलं. मग पंजा सुजला. शिवणं थांबलं, भाकरी थापणंही थांबलं. तशात रविवार आला आणि गेनू दुधाची कासंडी घेऊन दारात उभा राहिला.

घरात कासंडीत घालण्यासारखं काहीच नव्हतं. साखरेचा डबासुद्धा खडखडीत होता. सालोमी म्हणाली, "आज राहू दे. उद्या भरून देते."

गेनूला तिचा हात दिसला. त्यानं जाऊन नानांना सांगितलं. त्या दिवसापासून नानांनी रविवारची वाट पाहणं सोडलं. सकाळी एक भांडं, संध्याकाळी एक भांडं. कधी पेज, कधी मऊ खिचडी, कधी दूध. गेनू वैतागून म्हणायचा, "सालोमे, एखादं तरी भांडं दे की माघारी! मी काय भांड्यांचा व्यापारी हाय व्हय?" पण सालोमी एकही भांडं देईना. रिकामं द्यायचं नाही आणि भरायला काही नाही.

तुम्ही म्हणाल, निदान आलेलं अन्न तरी तिनं खाल्लं असेल. तेही नाही. जे परत करता येत नाही ते खायचं कसं? पेज, खिचडी, दूध सगळं ती शेजारणीच्या शेळीपुढं ठेवायची. शेळी गुबगुबीत झाली आणि सालोमी जुन्या फुटाण्यांवर आणि पाण्यावर दिवस काढू लागली. हाताची सूज मनगटापर्यंत चढली, मग कोपरापर्यंत. अंगात ताप भरला. डाव्या हातानं ती भांडी तेवढी घासून ठेवायची. भिंतीला त्यांची रांग लागली होती. पातेल्या, वाडगे, तांब्या, मार्थानानीची पीठ मळायची परात, शेवटी तर मिठाचा डबासुद्धा.

मग एका सकाळी काहीच आलं नाही. दुपार झाली तरी गेनूचा पत्ता नव्हता. सालोमीला वाटलं, सुटले एकदाची. नाना दमले शेवटी. पण असं म्हणताना ती मनातून घाबरली. सोळा वर्षांत तिला अशी भीती वाटली नव्हती. ती दाराशी येऊन बसली आणि ओढ्याकडं बघत राहिली.

भर दुपारच्या उन्हात वरच्या आळीतून ओढ्याकडं शांतवननाना येत होते. एका हातात काठी होती. दुसरा हात पुढं धरलेला होता आणि उघड्या तळहातावर एक भाकर होती. भाकरीवर ठेचा आणि गुळाचा खडा. त्यांचे गुडघे कधीच कामातून गेले होते. चार पावलं टाकली की ते थांबायचे, पण तळहात कलू द्यायचे नाहीत. आळीतली माणसं ओट्यावर येऊन बघत होती.

सगुणाबाईंनी हटकलंच, "नाना, हे काय? घरात भांडं न्हाई व्हय?"

"होती तेवढी सगळी पोरीकडं गेली," नाना म्हणाले आणि ओढा ओलांडून पुढं आले.

त्यांना दारात पाहून सालोमी धडपडत उठली. "भांडी न्यायला आलात ना नाना? घासून ठेवलीत सगळी. पण..." तिनं भिंतीलगतच्या रांगेकडं बघितलं. "पण रिकामी आहेत."

"भांडी राहू दे. भाकर धर. गार व्हायला लागली."

"कशात घेऊ?"

"हातात घे. मी हातातच आणलीय."

सालोमी भाकरीकडं बघत राहिली. भांडं असतं तर ते ठेवून घेता आलं असतं, झाकून बाजूला सरकवता आलं असतं. इथं तर भांडंच नव्हतं. नानांचा हात होता आणि तिचा हात होता.

"नाना, ही मी परत कशी करू?"

"परत?" नाना म्हणाले. "अगं, सोळा वर्षं तू भरून पाठवलेलं आम्ही खाल्लं. एकदाही गोड लागलं न्हाई. पातेली भरून आली की मार्था म्हणायची, पोरीनं पुन्हा दार लावून घेतलं."

"मला त्या दिवशी सगुणाबाई म्हणाल्या होत्या, दुसऱ्याच्या चुलीवरचं..."

"सगुणा एकदा बोलली, ते तू सोळा वर्षं ध्यानात ठेवलंस. आणि मी सोळा वर्षं काय बोलतोय?"

सालोमीला ते माहीत होतं. प्रत्येक रविवारी तिनं ते ऐकलं होतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "जेवायला ये."

"मग ये की पोरी," नाना म्हणाले.

त्यांचा हात आता थरथरायला लागला होता. उन्हातून इतकं चालून आलेला म्हातारा माणूस, तरी त्यांनी हात मागं घेतला नाही. सालोमीच्या मनात कितीतरी वेळ झुंज चालली होती. भाकर घेतली तर ती आयुष्यभर घेणारीच राहणार. नाही घेतली तर हा हात तिच्यासमोर असाच थरथरत राहणार. तिनं दात घट्ट आवळले, डावा हात पुढं केला आणि भाकर घेतली. उंबऱ्यातच बसून तिनं ती खाल्ली. रडत रडत खाल्ली, पण शेवटचा तुकडासुद्धा सोडला नाही. शेळीला त्या दिवशी काही मिळालं नाही.

मग ती उठली. अंगात ताप होता, पण तिनं एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. एका जुन्या गोधडीत तिनं सगळी भांडी बांधली.

"उद्या गेनू नेईल की," नाना म्हणाले.

"नाही. आजवर गेनूच नेत होता. आज मी नेते."

गाठोडं तिनं डोक्यावर घेतलं आणि डाव्या हातानं सावरलं. मिठाचा डबा तेवढा नानांनी घेतला. दोघं ओढा ओलांडून वरच्या आळीला लागली. पावलागणिक गाठोड्यातली भांडी एकमेकांवर आपटून वाजत होती. रिकामी भांडी किती वाजतात, ते तुम्हाला माहीत आहे. लपवायची सोयच नव्हती. आळीतल्या प्रत्येक घराला कळलं की सालोमी भांडी रिकामीच परत नेतेय.

सगुणाबाईंच्या ओट्यापाशी तिचं पाऊल जड झालं. खालच्या वाटेनं वळसा घालून जाता आलं असतं. ती गेली नाही.

सगुणाबाईंनी विचारलं, "काय गं सालोमे, रिकामीच नेतीस?"

"होय मावशी, रिकामीच. आणि आता रोज त्यांच्याच चुलीवरचं खाणार आहे."

सगुणाबाई ओट्यावरून उठून आत गेल्या. बोलणं अर्धवट सोडून जायची त्यांची ही पहिलीच वेळ असेल.

मार्थानानी दारातच उभी होती. सालोमीनं गाठोडं उतरवलं आणि मान खाली घालून म्हणाली, "नानी, काही आणलं नाही मी."

"तू आलीस न्हवं?" नानी म्हणाली. तिनं सालोमीचा सुजलेला हात बघितला, तिला पोटाशी धरलं आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसले. मग म्हणाली, "आता परात काढ त्यातली. पीठ मळायचं खोळंबलंय."

दुसऱ्या दिवशी नानांनी सालोमीला बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हाताला चीर दिली आणि ते रागावून म्हणाले, "आणखी दोन दिवस घरी बसली असतीस, तर हात कापावा लागला असता." हात वाचला. जखम भरायला दोन महिने लागले. ते दोन महिने सालोमी नानीच्या हातचं जेवली. पहिले काही दिवस ती दोन घास खाऊन उठायची. ती कुढायची, चिडायची, निदान केर तरी काढू द्या म्हणून भांडायची. घेण्याची सवय देण्याच्या सवयीपेक्षा अवघड असते. पण ती रोज पानावर बसत राहिली आणि हळूहळू तिला भूक लागायला लागली.

बोटं वळायला लागल्यावर तिनं पहिली गोधडी शिवली. मऊ लुगड्यांची, दुहेरी पदराची. एका सकाळी तिनं ती नानांच्या अंगावर घातली. नानांचा चेहरा उतरला.

"पोरी, ही कशाची परतफेड?"

"कशाचीच नाही," सालोमी म्हणाली. "तुमचे गुडघे गारठ्यात दुखतात, म्हणून शिवली. परतच द्यायचं असतं तर दारातून देऊन गेले असते. आज जेवायला काय आहे?"

तात्पर्य: देव आपल्या प्रेमाची परतफेड मागायला आपल्यामागं येत नाही, तो आपल्याला घरी बोलवायला येतो; म्हणून ताठा सोडून त्याच्या हातून रिकाम्या हातानं घ्यावं आणि उठून त्याच्याकडं जावं, मग आपण त्याच्यासाठी जे करतो तेही प्रेमच होतं.