शिरपाने दोर कशाला बांधला

डोंगराच्या पायथ्याशी टेंभूरवाडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात खाटा विणणारा एक भोळा माणूस होता. त्याचं नाव शिरपा. खाट चांगली विणायचा. चोरी नाही, लबाडी नाही. पण सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा.

एकदा त्याचा मेहुणा घरी आला. बायको हौसा आतून म्हणाली, "अहो, दादा आलाय. त्याला खाट टाका."

शिरपाने खाट उचलली आणि मेहुण्यावर टाकली.

मेहुणा लंगडत गेला. त्याला धरून हौसाही माहेरी गेली. माहेर डोंगरावर, जाखाईच्या देवळाजवळ. तिचा बाप कोंडाजीबाबा म्हणाला, "असल्या घरी पोर नांदायला पाठवणार नाही."

शिरपाची आई रडायला लागली. म्हणाली, "सुनेला घेऊन ये रे. तिच्यावाचून घर खायला उठतंय."

शिरपाने घराकडे पाहिलं. घर होतं तिथंच होतं. तरी आई म्हणते म्हणून तो निघाला.

डोंगरावर जायला नुकताच पाळणा झाला होता. जाड तार, तारेला लोंबत्या खुर्च्या. एका खुर्चीत दोन माणसं. एका अंगाने वर जायच्या, माथ्यावर वळसा घालायच्या, दुसऱ्या अंगाने खाली यायच्या. सगळा कारभार विजेवर. वीज गेली की माणसं जिथल्या तिथे लोंबत राहायची.

शिरपाने विचारलं, "पाळण्यात मी मावेन का?"

आई म्हणाली, "मावशील. नीट धरून बस. आणि थांबल्याशिवाय उतरू नकोस."

शिरपा बसला. पाळणा माथ्यावर आला. माथ्यावर पाळणा थांबत नाही, चालत्यातूनच पाय टाकायचा असतो. शिरपा वाट बघत राहिला. खुर्चीने वळसा घातला आणि त्याला खाली आणलं. खालीही थांबली नाही. पुन्हा वर गेली.

हौसा पाणी भरायला बाहेर आली, तर नवरा समोरून चाललेला. ती म्हणाली, "उतरा की."

"अजून थांबला नाही," शिरपा म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या फेरीला ती धुणं वाळत घालत होती. "अहो, उतरा."

"थांबला की उतरतो."

तिसऱ्या फेरीला कोंडाजीबाबाच दारात आला. म्हणाला, "हे काय गं, जावई देवीला प्रदक्षिणा घालतोय का?"

हौसा पदर तोंडावर ओढून आत गेली. संध्याकाळी पाळणा बंद झाला, तेव्हा शिरपा नेमका खाली होता. उतरून घरी गेला.

पाळणा चालवणारा हसनभाई खालच्या ठाण्यावर बसायचा. दुसऱ्या दिवशी त्याने शिरपाला समजावलं. "अरे बाबा, हा थांबायची वाट बघायची नसते. जरा हळू झाला, की टाक उडी."

"हळू झाला की उडी," शिरपा म्हणाला. पाठ झालं.

तो बसला. अर्ध्या डोंगरावर वीज गेली. पाळणा हळू झाला. शिरपाने उडी टाकली.

खाली करवंदीची जाळी होती म्हणून वाचला. करवंदीच होती म्हणून कुणी त्याला शिवेना. आईने काटे काढले. एक काटा, एक शिवी.

हसनभाई घरी आला. म्हणाला, "शिरपा, मधेच थांबल्यावर उडी मारायची नसते. गप बसून राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. आमची माणसं दोर घेऊन येतात, कमरेला बांधतात आणि काढतात. कळलं?"

"कळलं. थांबल्यावर गप बसायचं. माणसं दोराने काढतात."

आई म्हणाली, "पाळण्याला आग लागो. तू जीपने जा."

शिरपा जीपने गेला. जीप घाट चढून थेट कोंडाजीबाबाच्या दारात थांबली. सगळे उतरले. शिरपा उतरला नाही. जीप थांबली होती. तो गप बसला.

ड्रायव्हर म्हणाला, "पाव्हणं, आलं तुमचं गाव."

शिरपा गप.

हौसा आली. "अहो, उतरा. लोक बघतायत."

शिरपा गप.

कोंडाजीबाबाने वाकून पाहिलं. म्हणाला, "परवा फिरत होता, आज मुका झाला. उद्या काय करेल गं हा?"

ड्रायव्हरला पुढची खेप होती. त्याने हॉर्न वाजवला, हात धरून ओढलं, काही होईना. शेवटी त्याने शेळीचं दावं आणलं, शिरपाच्या कमरेला बांधलं आणि ओढून खाली पाडलं.

शिरपाने उठून हात जोडले. "आलात एकदाचे. मला वाटलं, विसरलात."

कोंडाजीबाबाने त्याला त्याच जीपमध्ये बसवून खाली धाडलं. हौसा जीपमागे दोन पावलं आली. म्हणाली, "एकदा तरी धड या हो. एकदाच. नाहीतर बाबा काडीमोडाचं बोलतायत."

आता गोष्ट गळ्याशी आली.

गावात तेव्हा एकच वाद चालू होता. पाळण्यात बसणाऱ्याने आपला दोर आपण न्यावा की नाही. झुंबरशेट म्हणायचे, न्यावा. झुंबरशेटचं किराणा दुकान. दुकानात दोर होता.

शेट पारावर म्हणाले, "वीज जाते. माणूस वर लोंबतो. सुटायची सोय आपल्या हातात नको का? दुसऱ्याच्या दोराची वाट कशाला बघायची? आणि मी दोर विकतो म्हणून बोलत नाही."

हसनभाई म्हणाला, "मी कुठं तसं म्हणालो?"

"म्हणायच्या आधी सांगितलं."

हसनभाई म्हणाला, "शेट, दोर नेऊन माणूस सुटत नाही. वापर कळला तर सुटतो. ज्याला कळत नाही त्याने गप बसावं, आम्ही काढतो. सगळेच दोर घेऊन लोंबायला लागले, तर मी माणसं काढू का गाठी सोडू?"

हसनभाईचं बोलणं शहाणपणाचं होतं. म्हणून कुणी ऐकलं नाही.

शिरपा पुढे आला. "शेट, दोर माझ्याकडे आहे. पुष्कळ आहे. त्याचं करायचं काय?"

शेट स्वतः कधी पाळण्यात बसले नव्हते. पण सांगायला बसावं लागत नाही. ते म्हणाले, "सोपं आहे. एक टोक न हलणाऱ्या गोष्टीला पक्कं बांधायचं. दुसरं आपल्या कमरेला. मग भ्यायचं कारण नाही."

शिरपाने घरातला खाटा विणायचा होता नव्हता तेवढा सुंभ जोडला. मोठं वेटोळं झालं. ते खांद्यावर घेऊन तो ठाण्यावर आला आणि न हलणारी गोष्ट शोधू लागला.

हसनभाईला कामं होती. त्याला टाळायला तो म्हणाला, "चढताना कशाला बांधतोस? उतरताना बांध. बस आता."

शिरपा बसला. आणि त्या दिवशी सगळं नीट झालं. वीज गेली नाही. माथ्यावर त्याने चालत्या पाळण्यातून पाय टाकला आणि उभा राहिला. हौसाला खरं वाटेना. तिने त्याला गूळपाणी दिलं, पोटभर जेवू घातलं. शिरपा जेवला, हात धुतले, काही सांडलं नाही.

हौसा हळूच म्हणाली, "मी यायला तयार आहे हो. पण बाबा. ते एकदा बसले की डोंगर हलेल, बाबा हलायचे नाहीत. ते हलले, तर मी आलेच म्हणून समजा."

कोंडाजीबाबा ओसरीच्या कडेला घोंगडीवर बसला होता. धिप्पाड माणूस. तो म्हणाला, "ऐकलंस ना? मी हलणार नाही." मग जेवण अंगावर आलं आणि त्याला बसल्या बसल्या डुलकी लागली.

शिरपा दोर घेऊन बाहेर गेला. पिंपळ पाहिला. पानं हलत होती. देवळाची दीपमाळ पाहिली. तिच्यावरचं निशाण हलत होतं. गोठ्याचा खांब धरून पाहिला. म्हैस अंग घासत होती, खांब हलत होता. जगात न हलणारी वस्तू मिळणं कठीण. मग त्याला हौसाचं बोलणं आठवलं. तो ओसरीवर आला आणि कोंडाजीबाबाच्या कमरेला दोर बांधला. खाटेला बांधतात तसा, पक्का.

हौसा बाहेर आली. "बाबांचं काय झालं?"

"पक्कं केलं," शिरपा म्हणाला.

"खरंच?"

"दोनदा बघितलं. आता सुटत नाही."

हौसाला इतका आनंद झाला, की ती बापाला उठवायलाही थांबली नाही. उठला तर मन बदलेल, असं तिला वाटलं. बोचकं घेतलं आणि ती नवऱ्याशेजारी पाळण्यात बसली. शिरपाने दुसरं टोक आपल्या कमरेला बांधलं. तिने विचारलं, "हे कशाला?"

"भ्यायचं कारण नाही," शिरपा म्हणाला.

पाळणा निघाला. वेटोळं सुटत गेलं. संपलं. दोर ताठ झाला. आणि ओसरीवरून कोंडाजीबाबा घोंगडीसकट निघाला.

अंगण उताराचं होतं. अंगणापुढे डोंगराची धार, धारेवर वाळलेलं कुसळी गवत. त्यावर पाय ठेवला तर घसरतो, घोंगडीचं विचारूच नका. वरच्या ठाण्यावरच्या माणसाने पाहिलं, की कोंडाजीबाबा मांडी घालून, डोळे मिटून, पाय न हलवता समोरून चालला आहे. त्याला वाटलं, देवीचा काही चमत्कार असेल. त्याने हात जोडले. पाळणा काही बंद केला नाही.

मग वीज गेली. पाळणा थांबला. कोंडाजीबाबा थांबला नाही.

हौसा खाली बघत होती. बराच वेळ तिने पाहिलं. मग म्हणाली, "अहो, ते बाबा का?"

"हो."

"ते खाली कसे चालले?"

"तूच म्हणालीस, ते हलले तर मी येईन. हलले. आता शब्द फिरवू नको."

बाबा त्यांच्या खालून पुढे गेला. दोर पुन्हा ताठ झाला, आणि बाबा धारेवर दावणीच्या बैलासारखा अडकून राहिला. शिरपा खुर्चीच्या दांड्याला चेपला गेला. पण बोलला नाही. मधे थांबल्यावर गप बसायचं असतं.

खालून हसनभाई माणसं घेऊन धावत आला. ओरडला, "शिरपा, दोर धरून ठेव. आम्ही बाबांना धरतो."

मागून झुंबरशेट आले. त्यांना बाबा दिसला नाही, फक्त दोर दिसला. अभिमानाने ऊर भरून आला. ते ओरडले, "शाबास. आता दोर सोड आणि उतर."

शिरपाने विचार केला. दोर सांगितला कुणी? शेटनी. मग दोराचं शेटचंच ऐकायचं. त्याने आपल्या कमरेची गाठ सोडली. खाटेची गाठ. कितीही पक्की असली तरी मोकळं टोक ओढलं की सुटते.

कोंडाजीबाबा निघाला. हसनभाईच्या माणसांनी हात पुढे केले, हातात घोंगडीच्या दोन दशा आल्या. बाबा पुढे गवताच्या गंजीला लागला, गंजी घेऊन कुंपणातून आत आला आणि शिरपाच्या अंगणात थांबला.

आई भाकरतुकडा घेऊन सुनेची वाट बघत उभी होती. समोर व्याही आला. आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तिने भाकरतुकडा त्याच्यावरूनच ओवाळून टाकला.

हसनभाईने शिरपाला आणि हौसाला नीट उतरवून घरी आणलं. कोंडाजीबाबा अंगणात बसला होता. दाढीत कुसळं, मिशीत कुसळं. दोर तसाच कमरेला. जावयाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पाळण्याकडे पाहिलं. म्हणाला, "त्या पाळण्यात मी बसणार नाही."

हौसा म्हणाली, "बाबा, मी इथंच नांदते. यांना एकटं सोडलं, तर गाव उरायचं नाही."

बाबा म्हणाला, "नांद. गावासाठी नांद."

शिरपाच्या आईने डोळे पुसले. हौसाने पदर खोचला आणि चुलीकडे निघाली. जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "अहो, बाबांना तेवढं वर घरी पोचवा."

तेवढ्यात वीज आली. पाळणा फिरायला लागला.

शिरपाने दोराचं मोकळं टोक उचललं आणि पाळण्याकडे निघाला.